सध्या उभी

सरकारी इमारतींची प्रकृती तपासून त्यांना दर्जा देण्याची जबाबदारी ज्या अभियंत्यावर होती, तो सरळ माणूस होता. नोंदणी कचेरीच्या मोठ्या दालनात त्याने शिडीवर चढून मधल्या तुळईवर हातोडी ठोकली, तेव्हा ओला गिलावा निखळला आणि आतल्या गंजलेल्या सळया दिसल्या. त्याने दर्जा लिहिला : धोकादायक.

साहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

"धोकादायक म्हटलं की इमारत रिकामी करावी लागते. मग ही कचेरी बसवायची कुठे? जागा फक्त आपल्या इमारतीत, आपल्याच मजल्यावर आहे. म्हणजे माझ्या डोक्यावर."

"पण साहेब, सध्या तुळई त्यांच्या डोक्यावर आहे."

"इमारत उभी आहे की पडलीय?"

"उभी आहे."

"मग तेवढंच लिहा. खोटं लिहा असं मी कधी म्हणालो?"

अशा रीतीने 'सध्या उभी' हा नवा दर्जा अस्तित्वात आला, आणि सोयीचा असल्यामुळे लवकरच निम्म्या सरकारी इमारतींना तो मिळाला.

अडचण एकच होती. अभियंत्याची बायको त्याच कचेरीत, त्याच तुळईखाली बसायची.

"काय लिहिलंत मग?" संध्याकाळी तिने विचारलं.

"सध्या उभी."

"आणि मी?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "तू खिडकीपाशी बसत जा. तिथली भिंत पक्की आहे."

दुसऱ्या दिवशी तिने टेबल खिडकीपाशी सरकवलं. उजेड कमी पडतो, असं कारण दिलं. तिचा नवरा काय काम करतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारपर्यंत कचेरीतल्या प्रत्येकाची नजर अधू झाली. हेडक्लार्क तर नुकतेच दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करून आलेले; त्यांनीही कपाटांसकट मुक्काम हलवला. दालनाचा मधला भाग ओस पडला.

सरकारी कचेरीत मोकळी जागा! ही बातमी साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं लोक बाहेर उन्हात रांग लावत होते. त्यांच्यासाठी तुळईखाली बाकं टाकण्यात आली. 'नागरिक सुविधा कक्ष' अशी पाटी लागली. पंखा टांगायला आकडा हवा, म्हणून तुळईलाच भोक पाडलं. उद्घाटनाची फीत साहेबांनी दारातूनच कापली, आत पाऊल टाकलं नाही. त्यांच्या साधेपणाचं फार कौतुक झालं.

अभियंत्याचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. एके दुपारी साहेबांना न विचारताच तो तिथे गेला. पंख्याखाली एक पेन्शनर आजोबा डुलक्या काढत होते.

"आजोबा, उठा. वरची तुळई पडायला आलीय."

आजोबांनी एक डोळा उघडला. "मी उठायचं आणि तुम्ही बसायचं, असंच ना? नंबर कितवा तुमचा?"

"अहो, ती तुळई मी स्वतः तपासलीय!"

"तपासलीत ना? मग काय भीती?"

मागून आवाज आले, "ओ, रांगेतून या!"

खिडकीपाशी बायको उठून उभी राहिली. "ऐका हो त्यांचं! खरं सांगतायत ते."

"बाई, तुम्हाला खुर्ची आहे ना? मग बसा की!"

तेवढ्यात वरून ताटाएवढा गिलावा सुटला आणि आजोबांच्या खांद्यावर आदळला. नवराबायकोने दोन्ही बाजूंनी आधार देत त्यांना बाहेर नेलं. आजोबा कळवळत होते, पण खांदा धरायचं सोडून मागे वळून ओरडत होते, "माझा नंबर धरून ठेवा रे कोणीतरी!"

दालनात सगळ्यांनी वर पाहिलं. मग सगळ्यांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पंख्याचा वारा नेमका तिथेच लागत होता.

तुम्ही त्या रांगेत असतात तर काय केलं असतंत, याचा विचार करत राहू नका. तेवढ्यात दुसरं कोणीतरी बसेल.