ठवरेकाकांचा पूर्ण पत्ता

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक देशभरचा ग्रुप आहे. ट्रक आख्खा वर चढतो ते मोठे काटे. त्या ग्रुपवर प्रत्येकाच्या नावाखाली 'ठिकाण' असा रकाना असतो. कोणी शहर लिहितं, कोणी राज्य, निम्मे लोक तो मोकळाच सोडतात. आमच्या ठवरेकाकांनी लिहिलंय: 'वाडी, नागपूर. अमरावती रोडवरून ट्रकवाल्यांच्या चहाटपरीपाशी डावीकडे, तिसरी गल्ली, निळं फाटक. कडी वरून काढावी. कुत्रा भुंकतो, चावत नाही. दुपारी एक ते दोन झोपलेलो असतो, तरी उठवावं.' खाली फोन नंबर.

त्या रकान्यात एवढं मावतं, हे ग्रुप चालवणाऱ्यांनाही माहीत नसेल.

मी काकांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. घरी बसून दूरदूरच्या कारखान्यांना यंत्रांची ड्रॉइंग करून देते. माझ्याही धंद्याचे ग्रुप आहेत आणि तिथं माझं ठिकाण फक्त 'भारत'. एकटी बाई, गल्लीबोळ सांगत बसू का? एका सद्गृहस्थाला नुसतं नागपूर कळलं, तर म्हणाला, पुढच्या आठवड्यात तिकडेच येतोय, भेटू या. काम काही नव्हतं, नुसतंच भेटू या. त्या दिवसापासून मी भारत.

काकांचं खातं मीच उघडून दिलं होतं, म्हणजे पाप माझंच. पत्ता वाचून मी कपाळाला हात लावला.

"काका, असा पत्ता कोणी टाकतं का? जगात काय काय लोक असतात!"

"येऊ दे ना मंग. चोर आला तर काय नेईन? पान्हे नेईन. अन् तू भारत लिहून राहिली! भारत म्हणजे काय पत्ता झाला काय वं? पोस्टमन फिरून फिरून मरंन."

काका अडुसष्ट वर्षांचे, एकटेच राहतात. खिशात पेनाऐवजी पाणसळ, म्हणजे ती बुडबुड्याची पट्टी, ज्यानं गवंडी लेव्हल बघतात. लग्नाच्या पंगतीत जेवायला बसले तरी आधी ती टेबलावर ठेवणार. "पश्चिमेले झुकून राहिलं. वरण तिकडं जाईन, सांभाळा." माझ्या कामाच्या टेबलाखाली त्यांनीच पुठ्ठ्याची घडी सरकवली आहे. मला वेडेपणा वाटला होता, पण माझी मानदुखी थांबली, ते आता कबूल करते.

ग्रुपवर कोणी काहीही विचारो, काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: माती कोणती? एका मोठ्या डिग्रीवाल्या इंजिनिअरनं सात फोटो टाकून लांबलचक शंका विचारली. काका: माती कोणती? तो चिडला, इलेक्ट्रॉनिक काट्याचा मातीशी काय संबंध? काका: मग विजेलाच विचारा. चार दिवस हुज्जत घालून गडी शेवटी म्हणाला, काळी. काकांनी लिहिलं, पावसात फुगली असेल, पायाचा एक कोपरा वर आला असेल, मोजा. मोजला, तर खरंच वर आला होता. आता तो इंजिनिअर त्यांना गुरुजी म्हणतो. अवं बाप्पा, इथं घरी बसून न पाहिलेल्या जमिनीचं पोट ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एप्रिलमध्ये, एका मंगळवारी, ग्रुपवर नाव नसलेल्या कोणीतरी लिहिलं. 'मी बाई आहे, तांदळाच्या मिलमध्ये काट्यावर बसते. काटा सकाळी बरोबर असतो, दुपारी कमी दाखवतो. म्हणून दुपारच्या गाडीत तांदूळ जास्त चढतो आणि पोचल्यावर दोन क्विंटल जास्त भरतो. मालक म्हणतो, तू ड्रायव्हरला सामील आहेस. शनिवारी पोलिसांत देणार आहे.' सोबत काट्याच्या कडेचा एक फोटो. ठिकाण मोकळं.

लोकांनी धडाधड विचारलं, कुठं आहात? गाव सांगा, मिल सांगा. तिनं उत्तर दिलं नाही. मिलच्या मालकानंच वाचलं तर?

काकांनी फोटो डोळ्याला लावून पाहिला. "काळी माती. धानाचा कोंडा. अन् हे मागं पाह्य, वीजघराचे उंच धुराडे. मौद्याच्या अंगाले आहे ही."

मौदा म्हणजे आमच्या नागपूरजवळचंच. बाईनं गाव लपवलं, आणि फोटोनं सांगून टाकलं! मी म्हटलं, "काका, ग्रुपवर लिहू नका हं. तिनं सांगितलं नाही, म्हणजे तिची मर्जी."

"म्या काहून लिहू? तू तिले एकटीले निरोप धाड. म्हणा, तो फोटो काढून टाक. मले धुराडे दिसले, तसे दुसऱ्यालेही दिसतीन." मग म्हणाले, "अन् म्हणा, तू पत्ता नको सांगू. माझा पत्ता लिवलेला आहे. तुले वाटंन तेव्हा फोन कर."

पाच मिनिटांत फोटो गायब झाला. फोन मात्र आला नाही. बुधवारी काका दुपारी झोपलेच नाहीत. कूलरसमोर फोन मांडीवर घेऊन बसले. पिशवीत लोखंडी सळी, टॉर्च, पातळ पत्र्याची पट्टी भरून तयार. मौद्याच्या बसची वेळही विचारून आले होते.

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला. सुनंदाबाई नाव. मौद्याच्या पुढं दोन किलोमीटर.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. हिशेबानं मी कशाला जायला हवं होतं? पण मला पाहायचंच होतं. मालक आधी गुरगुरला, मग काकांचे पांढरे केस पाहून गप्प बसला. काकांनी काट्याचा लोखंडी फलाट आणि सिमेंटची भिंत यांच्या फटीत पत्र्याची पट्टी घातली. सरळ आत गेली.

"आता दोन वाजेपर्यंत थांबू," काका म्हणाले, आणि आम्ही थांबलो.

दोन वाजता लोखंडाला हात लावला तर चटका बसत होता. काकांनी मालकाच्याच हातात पट्टी दिली. "घाला आता." पट्टी जाईना. फटीत पावसाची माती आणि कोंडा घट्ट बसला होता. उन्हानं लोखंड फुगलं की फलाट त्या मातीला टेकायचा आणि गाडीचं थोडं वजन भिंतच झेलायची. एवढंच! काका आडवे पडून तासभर त्या उन्हात सळीनं माती उकरत होते. मी छत्री धरली, सुनंदाबाई पाणी देत होती. मग सकाळी तोलून ठेवलेली तांदळाची गाडी पुन्हा चढवली. सकाळचाच आकडा, किलोचाही फरक नाही. मी तर थक्क होऊन पाहतच राहिले.

मालक पुटपुटला, "बरं झालं, चूक सापडली."

"असं नाही मालक," काका म्हणाले. "ही चोर नाही म्हणा. जोरानं म्हणा. हमालायले ऐकू गेलं पायजे."

मालकानं इकडंतिकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "सुनंदाबाई चोर नाही. काट्याची चूक होती." पोती उचलणारे थांबले. सुनंदाबाईनं तोंडाला पदर लावला. काका डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, ऊन लागलं.

परतीच्या बसमध्ये काका आपणहून बोलले.

"मी पारशिवनीच्या काट्यावर होतो, जवानीत. असाच काटा, दुपारी कमी. मले चोर म्हणून काढलं. मले तर मालूमच नव्हतं, काटा काहून चुकते. तेच शोधाले हे काम शिकलो. समजलं, तेव्हा धावत गेलो सांगाले. मालक मरून गेला होता. काट्यावरचे जुने लोकही कोणी उरले नव्हते."

मी त्यांचा हात धरला. हाताला अजून माती होती.

"त्या मालकाचा आवाज चांगला खणखणीत होता, नाही वं?" काका म्हणाले. "सगळ्यायले ऐकू गेलं."

"हो काका," मी म्हटलं. "सगळ्यांना."