सुपारीआधीची चौकशी

सभ्य माणसाने प्रश्न असा विचारावा, की उत्तर देणाऱ्याला कसलीही अडचण होऊ नये. बोईसरच्या एका कारखान्याच्या बसथांब्यावरचा फळा १९८४ पासून हे तत्त्व निष्ठेने पाळत होता. तीन पाळ्यांच्या कामगारांची एकमेकांशी गाठ पडत नसे. म्हणून एकाने खडूने प्रश्न लिहायचा आणि पुढच्या पाळीने खाली उत्तर द्यायचे, अशी सोय होती. पहिल्या वर्षी चारशे बारा प्रश्न आले. पैकी एकशे नव्वद नुसते 'एक विचारायचे होते' एवढेच होते. (त्या सर्वांना 'विचारा' असे तत्पर उत्तर मिळाले.) छप्पन्न जणांनी दुसऱ्या दिवशी 'काम झाले, आभारी आहे' असे कळवले. कोणते काम, कसे झाले, हे विचारण्याचा आगाऊपणा कोणी केला नाही.

पहिल्या पाळीचा फिटर पंढरी हा या फळ्याचा आदर्श नागरिक. त्याच्या मुलीला, जमुनाला, पॅकिंग खात्यातल्या भगवंताचे स्थळ आले होते आणि रविवारी सुपारी फुटायची होती. मुलगा पितो की काय, या शंकेने पंढरीला घास गोड लागेना. दारुड्याच्या घरात सख्ख्या बहिणीचे झालेले हाल त्याने डोळ्यांनी पाहिले होते. पण असे उघड विचारणे बरे दिसत नाही. म्हणून बुधवारी त्याने वळणदार अक्षरात लिहिले: 'मुलगा कसा आहे? जाणकारांनी कळवावे.'

गुरुवारपर्यंत पाच उत्तरे आली. 'कोणाचा?' 'आमचा नापास झाला.' 'मलाही हेच विचारायचे होते.' 'उत्तम.' आणि पाम गावाहून कामाला येणाऱ्या सुकाचे, 'बरा हाय.' विरोधात एकही मत नाही हे पाहून पंढरी निर्धास्त झाला.

"पण बाबा, तो पितो का?" जमुनाने विचारले.

"असं विचारतात होय कुठं?"

"मग कळणार कसं?"

"पाच उत्तरं आलीत की!"

शुक्रवारी बापाचा डबा पोचवायच्या निमित्ताने जमुना थांब्यावर गेली आणि सगळे पुसून तिने लिहिले: 'पॅकिंग खाते, तिसरी पाळी, भगवंत. दारू पितो का? आठवड्यातून किती वेळा? स्वतः पाहिले असेल त्यानेच लिहावे. रविवारी सुपारी आहे, शनिवारी दुपारपर्यंत कळवा. – जमुना.'

शनिवारी नऊ उत्तरे होती, वारांसकट. सगळ्यांत मुद्देसूद सुकाचे: 'पितो. रोज. मी असतो संगतीला.'

पंढरीने सुकाला बसमधून उतरतानाच गाठले. "अरे, परवा तर 'बरा हाय' लिहिलंस!"

"मग? तुमी दारूचा कुठं इचारला? मानूस बराच हाय तो."

सुपारी काही फुटली नाही. पंढरीला सुटल्यासारखे वाटले आणि लाजही वाटली. घरी त्याने फक्त सुटल्याचे सांगितले. फळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या कामगारांच्या मंडळाने तातडीची सभा घेऊन ठराव केला, की नाव, खाते व मुदत घालून प्रश्न विचारू नयेत. त्याने उत्तरे येतात. मंडळाने जमुनाचे अभिनंदनही केले. (तिच्यासाठी दुसरे स्थळ मात्र कोणी सुचवले नाही.)

वाचकांनी खुशाल हसावे. फळा बोईसरचा होता. आज घरी गेल्यावर बायकोला, नवऱ्याला किंवा म्हाताऱ्या आईला नेहमीप्रमाणे 'बरं आहे ना?' एवढेच विचारावे. 'हो' म्हणतील. ताट वाढलेले असेल, शांतपणे जेवून घ्यावे.