भानुदास सर, एम.एस.डब्ल्यू. (नियोजित)

आमच्या शेजारच्या दारावर पाटी आहे : ‘भानुदास सर, युवा व कुटुंब शिक्षक, बी.ए., एम.एस.डब्ल्यू. (नियोजित)’. कंसातला शब्द सहा वर्षांचा झाला. पाटीचा रंग उडाला की सर ती पुन्हा रंगवून घेतात, कंसासकट. स्वतःच्या पाटीवर स्वतःला ‘सर’ म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पण विचारलं तर म्हणतात, "मॅडम, लोक मला सरच म्हणत्यात. उगं गोंधळ कशाला?"

युवा व कुटुंब शिक्षक म्हणजे नेमकं काय, हे तिसगावात कुणालाच नीट माहीत नाही. एका संस्थेने त्यांना नेमलंय, एवढं नक्की. कुणी म्हणतं ते लग्नं जुळवतात, कुणी म्हणतं मोडतात. याआधी ते व्यसनमुक्तीत होते, त्याआधी प्रौढ शिक्षणात, आणि त्याच्याही आधी घरोघर फिरून संडास मोजत. हा सगळा प्रवास त्यांनी मोठ्या कागदावर शिडी काढून बैठकीच्या खोलीत लावलाय. चौथ्या पायरीवर चष्मेवाला माणूस आहे आणि पाचव्या पायरीवर पदवीदानाची काळी टोपी. तो माणूस काही वर सरकत नाही.

"ह्याच्यावर काम करावं लागंल," हे सरांचं लाडकं वाक्य. नवराबायकोचं भांडण असो, पोरगं मोबाईल सोडत नसो, निदान एवढंच. माझ्या हातचं लिंबाचं लोणचं चाखूनही ते हेच म्हणाले होते. एकदा वही उघडून आमच्या घरात बसले. "मॅडम, तुमच्या घरात संवादाची जागा कोणती?"

"स्वयंपाकाचा ओटा," मी म्हटलं. "मी बोलते, भांडी ऐकतात."

त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं, भांड्यांसकट. आमचे हे तिथेच बसून पेपर वाचत होते. त्यांनी मानही वर केली नाही, त्यामुळे माझ्या उत्तराला लगेच पुरावा मिळाला.

तरुणांच्या शिबिरात सर प्रत्येकाला आपलं आयुष्य नदीसारखं काढायला लावतात. कुठल्याशा प्रशिक्षणात शिकून आलेत. एका पोराने हात वर केला. "सर, आमच्या नदीला पानीच न्हाई. टँकर काढला तर चालंल का?" सर जरा विचारात पडले आणि म्हणाले, "काढ. पन त्यो कुठून येतो ते बी दाव." अख्ख्या शिबिरातलं ते एकच शहाणं वाक्य असावं.

माझा खरा छळ दरवर्षी थंडीत सुरू व्हायचा. मी हायस्कुलात मराठी शिकवते, या एका गुन्ह्यासाठी सरांनी मला आपल्या अर्जाची तपासनीस नेमलं होतं. विद्यापीठाच्या अर्जात एक पान असतं : ‘हे शिक्षण आपणांस का घ्यावयाचे आहे?’ सर लिहून आणत : ‘बदलत्या सामाजिक परिप्रेक्ष्यात कुटुंबसंस्थेच्या सर्वंकष सक्षमीकरणाचा उदात्त हेतू उराशी बाळगून...’ या वाक्याला क्रियापद भेटेपर्यंत पान संपायचं.

"सर, पण का शिकायचंय?" मी विचारायची.

"तेच तर लिहिलंय मॅडम."

मी लाल पेनाने सगळं खोडायची. ते परत नवा खर्डा आणायचे, त्यात ‘उदात्त’च्या जागी ‘उत्तुंग’ असायचं. एवढ्यात मुदत संपायची. यंदा मात्र गंमत नव्हती. संस्थेने बजावलं होतं की या वेळी प्रवेश झाला नाही, तर कुटुंबांचं काम काढून घेऊ आणि तुम्हाला नगरच्या कार्यालयात टपालावर बसवू.

आणि हे महाशय त्याच दिवसांत पालकसभेच्या तयारीत! दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. पोरं आजीआजोबांजवळ राहतात. आईबाप गावात नसताना, नेमका तोच मुहूर्त साधून पालकसभा भरवणारा विद्वान एकच. सर प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात रिकाम्या खुर्च्या मांडतात आणि त्यांवर आईबापांच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवतात, असं मी ऐकून होते. गाव तिला ‘खुर्च्यांची सभा’ म्हणतं. ते नाव मीच पाडलं होतं, आणि मला त्याचा अभिमानही होता.

यंदा अर्जाची मुदत आणि खुर्च्यांची सभा एकाच दिवशी आली. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. बाकी सगळा अर्ज सरांच्या फोनमध्ये भरून तयार होता, फक्त त्या एका पानाचा फोटो त्याच फोनवरून जोडायचा होता. मी ते कसंबसं माणसात आणलं आणि साडेचारला तरातरा शाळेत गेले.

व्हरांड्यात खुर्च्या होत्या, चिठ्ठ्याही होत्या. पण प्रत्येक खुर्चीवर एकेक मोबाईल ठेवलेला होता, स्पीकर चालू, आणि समोर खाली एकेक पोर मांडी घालून बसलेलं. मागे भिंतीला टेकून म्हातारी माणसं. एका खुर्चीतून बाप ओरडत होता, "गनितात किती पडले? बारा? आरं, मग लई झाले की!" दुसरीतून एक आई म्हणत होती, "नखं दाव बरं. आगं दाव म्हंजे सांग, कापली का?"

मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले. मग भान आलं. "सर, फोन द्या. वेळ चाललाय."

त्यांनी कडेच्या खुर्चीकडे बोट केलं. इयत्ता दुसरीतली एक पोरगी सरांच्या फोनवर ओणवी झाली होती. तिच्या आजोबांचा फोन बिघडला होता. "कॉल चालू असला की त्याला नेट येत न्हाई," सर म्हणाले.

"मग कट करा. पाच मिनिटांनी परत लावा."

"मॅडम, तिकडं रेंज फकस्त टेकाडावर हाय. तिची आई कोयता ठिवून टेकाडावर चढलीया. मुकादम पुन्यांदा चढू द्यायचा न्हाई."

पोरगी सांगत होती की शेळीला दोन पिल्लं झालीत, एकाचा कान पांढरा हाय. आईने विचारलं, कंचा कान? पोरगी विचारात पडली. माझ्या घड्याळात पावणेपाच झाले होते.

"निदान बसा तरी," मी वैतागून म्हटलं.

"न्हाई, मला सवय हाय उभं ऱ्हायाची." सर त्या पोरीकडेच बघत होते. "आमची पालकसभा बी हिवाळ्यातच असायची. गुरुजी म्हनायचे, ज्याचे पालक आले न्हाईत त्यानं उभं ऱ्हा. आईबाप तिकडं उसात. तिसरीपासनं सातवीपतोर मी उभाच हुतो. वाटायचं, एकदा तरी आईच्या नावाची खुर्ची मांडावी कुनीतरी."

सहा वर्षं मी या माणसाला ‘का’ विचारत होते आणि त्याच तोंडाने या सभेला हसत होते. मला मनापासून लाज वाटली.

पोरीने फोन आणून दिला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. "सर, डावा कान," ती म्हणाली आणि पळाली. सरांनी अर्ज उघडला. मुदत संपल्याची पाटी आली होती. ते चष्मा पुसत राहिले.

मी माझं सुधारलेलं पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांचे ते शब्द जसेच्या तसे लिहिले. उभाच हुतो, आईच्या नावाची खुर्ची, सगळं. "पुढच्या वर्षी हे पाठवायचं," मी म्हटलं. "नगरहून पाठवा, पण हेच."

सरांनी दोनदा वाचलं. "भाषा लई गावठी झालीया, मॅडम. ह्याच्यावर काम करावं लागंल."

"एका अक्षराला हात लावायचा नाही," मी म्हटलं, आणि लाल पेन पर्समध्ये टाकून त्यांच्याबरोबर खुर्च्या उचलायला लागले.