पंचेचाळीस हजारांचा वाघ

नागभीडच्या इस्तारीने सुरेंद्र गुरुजींकडून एक जुनी पांढरी सात आसनी गाडी चार लाख ऐंशी हजार रुपयांना विकत घेतली आणि कागदावर ती पंचेचाळीस हजारांची दाखवली. यात विशेष असे काहीच नव्हते. गावात कोणी म्हैस घेतली तर तिच्या शिंगांना हळद लावतात आणि गाडी घेतली तर किंमत कमी लिहितात, इतकाच तो रिवाज होता. शिवाय सुरेंद्र गुरुजी शाळेत मूल्यशिक्षण शिकवत आणि त्यांनीच ही सूचना केली होती. मग शंका घ्यायची कोणी?

शंका घेतली ती इस्तारीच्या बायकोने, कुंताने. गाडीसाठी तिचा सोन्याचा गोफ मोडला होता, तलावातल्या मासोळीवर दहा वर्षांत साठवलेले सगळे गेले होते. नागभीड स्टेशनावर उतरणारी पाहुणेमंडळी मोहर्लीला वाघ बघायला न्यायची आणि त्यातून गोफ परत घडवायचा, असा दोघांचा बेत होता.

"दिले चार लाख ऐंशी, तं लिवाचे बी चार लाख ऐंशी," कुंता म्हणाली. "खोटं काऊन लिवाचं?"

"तुले नाई समजत. तेवीस हजार टॅक्स वाचते," इस्तारी म्हणाला. त्याला स्वतःलाही हे त्याच सकाळी समजले होते. समजावणारा होता पत्रू दलाल. वाहन नोंदणीच्या ज्या कचेरीच्या खिडकीशी माणसे दिवसभर उभी राहतात, त्या खिडकीच्या आतल्या बाजूला पत्रूची खुर्ची होती.

खिडकीवरच्या बाबूने कागद पाहिला आणि गंभीरपणे मान हलवली. "एवढी चांगली गाडी पंचेचाळीस हजाराले? कम्प्युटर घेत नाई. कमी किमतीचं कारण भरा लागते."

कारणे चार होती: आग, पूर, अपघात आणि वन्यप्राणी. आगीला अग्निशमन दलाचा दाखला लागत होता, पुराला तलाठ्याचा, अपघाताला पोलिसांचा. वन्यप्राण्याला मात्र अर्जदाराचा शब्द पुरेसा होता, कारण वाघाकडे शिक्का नसतो. पत्रूने क्षणात लिहून टाकले, 'सदर वाहनाच्या बोनेटवर पट्टेदार वाघ सुमारे चार तास बसल्यामुळे वाहनाची किंमत घटली आहे.'

"चार तास काऊन?" इस्तारीने विचारले.

"एक तास बसला तं दीड लाख लिवा लागते," पत्रू म्हणाला. त्याचा हिशेब पक्का असायचा.

गाडी इस्तारीच्या नावावर झाली. तेवीस हजार वाचले. इस्तारीने पेढे वाटले आणि एक पेढा गाडीच्या काचेलाही लावला.

नवव्या दिवशी वनखात्याचे पत्र आले. आपल्या वाहनावर वाघ बसल्याची नोंद प्राप्त झाली आहे, परंतु सदर वाघाची कोठेही नोंद नाही. तरी सात दिवसांत नुकसान दाखवावे, अन्यथा वाघाबाबत खोटी माहिती दिल्याचा गुन्हा दाखल करण्यात येईल. पत्राच्या शेवटी 'वाघ वाचवा' असेही छापले होते. इस्तारीला कोण वाचवणार, हे छापलेले नव्हते.

इस्तारीचे धाबे दणाणले. गाडीवर तर ओरखडासुद्धा नव्हता. तो तडक गुरुजींच्या घरी गेला.

"गुरुजी, मले नाई पायजे गाडी. तुमची गाडी तुमी घ्या, माहे पैसे वापस करा."

"हो, हो, बिलकुल," गुरुजी म्हणाले. आत गेले आणि पंचेचाळीस हजार रुपये मोजून घेऊन आले. वर सहीसाठी पेनही दिला.

"गुरुजी, मी चार लाख ऐंशी देल्ले तुमाले!"

"कागद दाखव," गुरुजी प्रेमाने म्हणाले. "हे पाय इस्तारी, माणसानं लिहिलं त्याले जागावं. मी पोरायले हेच शिकवतो."

इस्तारीच्या डोळ्यांत पाणी आले. रस्ताभर त्याला कुंताचा मोकळा गळा दिसत राहिला. आता एकच मार्ग उरला होता आणि तो पत्रूनेच दाखवला. कागद बदलता येत नाही, गाडी बदलता येते.

त्याने घरातले सहा दातांचे लोखंडी दाताळे घेतले, डोळे मिटले आणि बोनेटवर ओढले. त्या आवाजाने कुंता बाहेर आली, बघत राहिली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला आलेल्या वनअधिकाऱ्यांनी चष्मा लावून ओरखडे मोजले. "हे सहा आहेत. वाघाच्या पंजाचे चार उमटतात."

"साहेब, दोनदा मारला ना त्यानं," पत्रू लगेच म्हणाला. "पहिले चार. मंग दुसऱ्या वक्ताले घाईत होता, तं दोनच."

अधिकाऱ्यांनी 'वाघ घाईत' अशी नोंद घेतली. मग त्यांनी बोनेटवर हात फिरवला. "चार तास बसला म्हणता. वाघाचं वजन दोनशे किलो. पत्रा दबलेला दिसत नाही. परवा पुन्हा येतो."

आता दोनशे किलो आणायचे कोठून? इस्तारीच्या मासेमारी संस्थेच्या सभासदांपैकी तीन धडधाकट गडी निवडण्यात आले. अर्जात चार तास म्हटले असल्यामुळे त्यांना चार तास बसणे भाग होते. ते बोनेटवर बसून पत्ते खेळले, दोनदा चहा प्याले, मध्ये एकाला डुलकी लागली. पत्रा तसूभरही दबला नाही. गाडी जुनी होती पण अस्सल होती, आणि हेच इस्तारीचे दुर्दैव होते. शेवटी लटारू नावाच्या नव्वद किलोच्या सभासदाने टपावरून बोनेटवर उडी घेतली. बोनेट परातीसारखे खोल झाले, रेडिएटर फुटला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भान हरपून इस्तारीनेही वाजवल्या.

पंचनामा समाधानकारक झाला. इतका, की गाडी महत्त्वाचा पुरावा ठरली. वाघाचा वास टिकावा म्हणून ती न धुता, न झाकता वनखात्याच्या डेपोच्या आवारात तीन महिने ठेवण्यात आली. तेथे वानरांनी तिच्या सीटा फाडल्या, उंदरांनी वायरी खाल्ल्या आणि एका कोंबडीने डॅशबोर्डवर अंडी घातली. स्टेशनावरची पाहुणेमंडळी दुसऱ्यांच्या गाड्यांतून मोहर्लीला जात राहिली. इस्तारी डोक्यावर मासोळीची टोपली घेऊन त्यांना वाट देत राहिला.

तीन महिन्यांनी कर खात्याचा मूल्यांकन अधिकारी आला. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आकडेमोड केली आणि त्याचा चेहरा उजळला.

"बरोब्बर पंचेचाळीस हजार! अठरा वर्षांच्या नोकरीत कागदावरची किंमत आणि खरी किंमत जुळलेली मी पहिल्यांदा पाहतो आहे."

पुढच्याच आठवड्यात इस्तारीचा 'आदर्श करदाता' म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. प्रामाणिकपणावर अर्धा तास भाषण सुरेंद्र गुरुजींनी केले. पत्रूने हार आणला होता आणि त्याचे पैसे इस्तारीकडून आधीच घेतले होते.

घरी आल्यावर इस्तारीने शाल कुंताच्या पुढ्यात ठेवली आणि खाली मान घातली. "चुकलो मी."

कुंताने शालीची घडी नीट केली. "तेवीस हजार वाचवाले चार लाख पस्तीस हजार घातले," ती म्हणाली. "आता इकाचं मी पायतो. तू मंधात बोलाचं नाई."

तेव्हापासून गाडी विकाऊ आहे. कुंताने तिच्या फुटक्या काचेवर स्वतःच्या हाताने पाटी लावली आहे : 'किंमत ४५,०००. जेवडे द्याल तेवडेच लिवू.' आजवर सतरा गिऱ्हाइके येऊन गेली. इंजिन चालते का, हे कोणी विचारले नाही. वाघाबद्दलही कोणी विचारले नाही. सतराही जणांनी पाटी वाचली, आजूबाजूला पाहिले आणि हळूच विचारले, "बाई, ते ठीक आहे. पण कागदावर किती दाखवाचे?"

कुंताने सतराही जणांना चहा पाजून वाटेला लावले.

आपल्याला हवी असल्यास आपणही या. गाडी नागभीडला, तलावाच्या पाळीजवळ उभी आहे. मात्र पंचेचाळीसची पंधरा लिहिली तर किती वाचतील, हा जो हिशेब आपण आत्ता, या ओळीपर्यंत येता येता मनातल्या मनात केलात, तो घरीच ठेवून या. अठराव्या गिऱ्हाइकाला चहा मिळणार नाही.