पायलच्या कॉम्प्युटरची टाकी

पाणी आणि मोटर एकत्र आली की मला कुणी शिकवू नये! पगार मला शाळेतल्या कारकुनीचा मिळतो, पण हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत ओळख कूलरवाले केशवभाऊ हीच. एप्रिल लागला की निम्म्या गल्लीचे कूलर माझ्या हाताखालून जातात. त्यामुळे माझ्या पोरीने, पायलने, कॉम्प्युटर गार ठेवायला पाण्याची टाकी मागवली तेव्हा मी हसलोच. टाकी कसली, लोणच्याच्या बरणीपेक्षा लहान, झाकणाचं एक पारदर्शक नळकांडं!

पायल घरी बसून लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. मे महिन्यात तिचा कॉम्प्युटर अर्ध्या तासात तापून बंद पडायचा. आणि त्या रविवारी संध्याकाळी सातला सावनेरच्या मनोहररावांच्या मुलीचं इथेच शहरात रिसेप्शन होतं. लग्नाची फिल्म हॉलच्या पडद्यावर लागायची होती. पायलचं हे पहिलं मोठं काम. मनोहररावांचे तीन पुतणे अजून लग्नाचे होते, म्हणजे फिल्म वेळेवर लागली तर पुढची कामंही तिलाच. पण फिल्म तयार होऊन बाहेर पडायला कॉम्प्युटर सलग तीन तास चालायला हवा होता.

पंप बसला होता, नळ्या जोडून झाल्या होत्या. अडलं होतं ते टाकीपाशी. सोबत आलेल्या पट्टीची भोकं कॉम्प्युटरच्या डब्याशी जुळत नव्हती.

"विहंग दुसरी पट्टी घेऊन येते," पायल म्हणाली. विहंग म्हणजे तिचा सक्करदऱ्याचा मित्र. "पण त्याले चार वाजतीन."

"चार? मंग मी काहून बसलो घरात?"

"बाबा, हा कूलर नाही आहे."

"पाणी आहे न? पंप आहे न?"

"टाकी पंपाच्या वर पाहिजे, एवढं ध्यानात ठेवा. पंप कोरडा चालला की जळला."

हे ती मला सांगत होती! मी टाकी इतकी वर नेली की पंपाच्या सात पिढ्यांची तहान भागावी. कॉम्प्युटरच्या दीड फूट वर, खिडकीच्या जाळीला, कूलरच्या अगदी शेजारी, कूलरच्याच क्लॅम्पने आवळून बसवली. नळी अपुरी पडली, तिला माझ्याजवळचा तुकडा जोडला. पायलने बाटलीतलं खास पाणी भरलं, जोडाजोडाखाली कागद ठेवले आणि नुसता पंप अर्धा तास चालवून पाहिला. एक थेंब गळला नाही.

बाराच्या ठोक्याला तिने फिल्म तयार व्हायला लावली. दोन वाजले तरी कॉम्प्युटर थंड डोक्याने काम करत होता.

"मानलं बाबा तुम्हाले," म्हणून ती आंघोळीला गेली.

अशा वेळी माणसाने गप घरी बसावं. मी शेजारच्या आनंदरावांना टाकी दाखवायला घेऊन यायला गेलो. त्यांच्याकडे चहा झाला, माझं कौतुक मीच थोडं केलं, आणि अडीचला आम्ही परतलो तर खोलीभर खसच्या अत्तराचा घमघमाट!

आनंदरावांनी लांब श्वास घेतला. "वा गा केशव! कॉम्प्युटर वास बी देते का?"

खिडकीपाशी माझी बायको वंदना पाण्याचा मग घेऊन उभी होती. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता आणि डब्यावरून पाणी ठिबकत होतं.

"काय केलं वं हे?"

"पाणी भरलं. कूलर भरता भरता पाहिलं, त ही टाकी उणी दिसली. म्हटलं, तुम्ही कूलरले नवीन बसवली, हीबी भरून टाकू. थोडं सांडलं. अत्तरबी टाकलं दोन थेंब."

"अन् कॉम्प्युटर काहून बंद आहे?"

"प्लग काढला न! कूलरचा कोणता ते समजून नाही राहिलं, म्हणून दोन्ही काढले. तुम्हीच त वीस वर्षांपासून सांगून राहिले, पाणी टाकायच्या आधी प्लग काढायचा, नाही त करंट लागते."

आनंदरावांना अचानक घरचं काम आठवलं.

पायल डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. तिने पडदा पाहिला, पाणी पाहिलं आणि खाटेवर बसली.

"आंघोळीले गेली तेव्हाच सत्तर टक्के झालं होतं," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"माहं चुकलं का?" वंदनाने विचारलं.

"नाही आई. प्लग नसता काढला त मशीन जळली असती. पण आता दोन दिवस वाळल्याशिवाय चालू नाही करता येत."

नशिबाने सगळं शूटिंग आणि केलेलं एडिटिंग वेगळ्या डिस्कवर होतं. विहंगला फोन केला आणि भर उन्हात स्कूटर काढली. मागे पायल, तिच्या पोटाशी टॉवेलात गुंडाळलेली डिस्क. सक्करदऱ्याला पोचलो तर विहंगच्या कॉम्प्युटरला टाकी नाही, पंप नाही! डब्याचं झाकण काढलेलं आणि समोर एक जुना टेबलफॅन घरघरत होता. मी त्याचं तोंड जरा फिरवायला हात पुढे केला.

"बाबा, हात मागं."

पुढचे तीन तास मी हात पाठीमागे बांधून बसलो होतो.

सातला पाच मिनिटं कमी असताना हॉलमध्ये शिरलो, आणि सातला फिल्म लागली. नवरीची आजी पदराने डोळे पुसत होती. खरं सांगायचं तर मीही पुसले. मनोहरराव स्वतः पायलपाशी आले.

"पोरी, पुतण्यांच्या लग्नाचंबी तूच करजो." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "हे तुझे बाबा का? कूलरचं समजते म्हणे तुम्हाले. तो कोपऱ्यातला मोठा कूलर नुसती गरम हवा फेकून राहिला. पाहता का जरा?"

माझा हात आपोआप खिशात गेला आणि पेचकस घेऊनच बाहेर आला.

"नाही काका," पायल म्हणाली. "बाबा आज फक्त जेवायले आले."

तिने माझ्या हातातला पेचकस काढून घेतला आणि हातात ताट दिलं. मी गरम हवेत उभा राहून, घाम पुसत, निमूट वांग्याची भाजी खाल्ली. त्या कूलरच्या पंपाची नळी निसटली होती हो फक्त, मला लांबून दिसत होती!