जाड कातडीचा वायसर

ज्याला स्वतःच्या घरातला गळका नळ बंद करता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या गावाचा विकास करण्यावाचून गत्यंतर नसतं. हे सत्य मला पदवीच्या निकालानंतर उमगलं (निकालाचा तपशील इथे अप्रस्तुत आहे) आणि मी एका विकास संस्थेत तीन महिन्यांसाठी स्वयंसेवक झालो. संस्था थोर होती. तिच्या कार्यालयात थंड पाण्याच्या यंत्राशेजारीच एका तहानलेल्या बाईचा मोठा फोटो लावलेला होता, आणि पाणी पिताना प्रत्येकजण तिच्याकडे आदराने पाहत असे.

प्रशिक्षण चार दिवस चाललं. गावात काय करायचं नाही याचे सदतीस मुद्दे आम्हाला पाठ करून घेतले. काय करायचं, हा तास वक्ते न आल्यामुळे झाला नाही. बारावा मुद्दा मला फार आवडला: ग्रामीण माणूस संकोची असतो, बोलताना अर्धे शब्द गिळतो, ते आपण पूर्ण करून घ्यावेत.

गावात माझी सोय एका मावशींकडे झाली. गावचा हापसा त्याच सांभाळायच्या. त्यांच्याकडे पाना होता, तेलाची बाटली होती आणि बावीस वर्षांचा हात होता. प्रमाणपत्र मात्र नव्हतं, त्यामुळे आमच्या नोंदीत त्या 'अकुशल' होत्या. महिनाभर हापसा नुसताच खडखडत होता. पाणी ओढ्यावरून आणायचं, आणि मावशींचे गुडघे गेल्यामुळे ते त्यांची सून आणायची. सुनेला सातवा महिना होता. दिवसाला तीन खेपा, आणि मध्ये एक निसरडा उतार. सुनेचं बाळंतपण येण्याआधी हापसा चालू झाला पाहिजे, एवढाच मावशींना ध्यास होता.

मी गरजांचा तक्ता उघडला. चौऱ्याऐंशी प्रश्न होते, पाण्याचा एकोणऐंशीवा. तिथवर येईपर्यंत मावशींचं धान्य निवडून झालं होतं.

"काही नको बाळा," त्या म्हणाल्या. "एक वायसर पाहिजे. शहरातून तेवढा आणून दे."

रस्ता खचल्यापासून बस बंद होती आणि शहरात फक्त संस्थेची जीप जायची, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मला बारावा मुद्दा आठवला. मावशींनी गिळलेली अक्षरं मी आदरपूर्वक परत जोडली आणि लिहिलं: 'मागणी: एक अ‍ॅडव्हायझर.' (पंपातली चामड्याची चकती झिजली की पाणी येत नाही, त्या चकतीला वॉशर म्हणतात आणि वॉशरला वायसर म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. पंप उघडून पाहण्याला नवव्या मुद्द्यानुसार बंदी होती.)

संस्थेच्या तत्परतेला तोड नाही. आठवड्यात सल्लागार हजर झाले. त्यांनी हापशाला प्रदक्षिणा घातली, बायकांना गोल बसवलं, रंगीत खडू वाटले आणि 'माझं आणि पाण्याचं नातं' या विषयावर चित्रं काढायला सांगितली. सुनेने घागर काढली. सल्लागारांना ती फार प्रतीकात्मक वाटली.

सल्लागार राहायचे पंचायतीच्या खोलीत, पण आंघोळीला मावशींकडे यायचे, आणि त्यांना दोन वेळा आंघोळ लागायची. सुनेच्या खेपा तीनाच्या पाच झाल्या. पहिल्या अहवालात मी नोंदवलं की प्रकल्पामुळे घरातल्या पाण्याच्या उपलब्धतेत सहासष्ट टक्क्यांहून अधिक वाढ झाली. आकडा अचूक आहे, कुणीही पडताळून पाहावा.

पंधरा दिवसांनी मावशींनी विचारलं, वायसरचं काय झालं. मी म्हटलं, आला की, पंचायतीच्या खोलीत बसलाय.

"तिथे बसून काय उपयोग?" मावशी म्हणाल्या. "हापशात बसायला पाहिजे. आणि नीट बघून आण. चांगला जाड कातडीचा पाहिजे, नाहीतर टिकत नाही."

मी तसंच लिहिलं. 'लाभार्थीची सुधारित अपेक्षा: प्रत्यक्ष हापशाजवळ बसणारा, जाड कातडीचा.' संस्थेकडे अशी माणसं विपुल होती. त्यांनी सर्वांत वरिष्ठ पाठवले. हापशाजवळ खुर्ची टाकून ते रोज बसू लागले. खेपा सात झाल्या. उपलब्धता किती वाढली, ते वाचकांनी काढावं.

नवव्या महिन्यात सून उतारावर घसरली. घागर फुटली, तिला थोडं खरचटलं, बाकी पोटातलं सुखरूप होतं. वरिष्ठांनी लगेच 'सुरक्षित चालणे' या विषयावर सत्र जाहीर केलं. मावशी सत्राला आल्या. बाहेर काढून ठेवलेल्या बुटांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, वरिष्ठांचा उजवा बूट उचलला, बोटाने चामडं दाबून पाहिलं आणि घरी नेला.

मी मागोमाग गेलो. त्यांनी विळ्याने बुटाच्या टाचेमागचा तुकडा गोल कापला, तेलात मुरवला, पान्याने हापसा उघडला, चकती बसवली. मग दांडा चारदा मारला. पाचव्याला पाणी आलं.

"याला वायसर म्हणतात, बाळा," मावशी म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. (अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.)

आठवड्यात सून बाळंत झाली. मुलगी झाली. तिची पहिली आंघोळ हापशाच्या पाण्याने झाली. संस्थेने अंतिम अहवालात लिहिलं की दोन सल्लागार नेमताच पाणी आलं आणि वरिष्ठांनी त्यासाठी स्वतःची पादत्राणेही अर्पण केली. अनवाणी उजव्या पायाचा त्यांचा फोटो आता कार्यालयात त्या तहानलेल्या बाईशेजारी लागला आहे. मला प्रमाणपत्र मिळालं. त्यानुसार मी कुशल आहे.

इथवर वाचताना तुमचाही जीव त्या सुनेसाठी हळहळला असेल आणि आपणही कुठेतरी जाऊन काहीतरी करावं असं वाटून गेलं असेल. तुमच्या घरातला नळ गळत असेल तर तुमची पात्रता सिद्धच आहे. पुढच्या तुकडीचे अर्ज निघाले आहेत. मावशींच्या सूचनेवरून त्यात एकच नवा प्रश्न घातला आहे, तो मोकळा सोडू नये: बूट चामड्याचे आहेत का?