हुकूम मोजणारी पेटी

बाळांनो, नुसतं 'जा' म्हटल्यानं कुणी पोचतं का? नाही ना? एका जंगलात मात्र पोचायचं. त्याचीच ही गोष्ट.

त्या जंगलात पत्रावळी कापायचा कारखाना होता. साळूबाई साळिंदर तिथलं यंत्र बारा वर्षं चालवत होती. यंत्रात एक स्टेपर मोटर होती. ही मोटर भिंगरीसारखी गरगरत नाही. मोजून पावलं टाकते आणि पान सुरीखाली नेते. तिला 'टाक पाऊल' असा हुकूम देणारी पेटी म्हणजे ड्राइव्ह. जुनी पेटी सावकाश होती, पण हुकूम आणि पाऊल जोडीनं चालायची.

मग सिंहमहाराजांच्या पुतण्याचं लग्न ठरलं. पत्रावळी ढिगानं हव्या होत्या. मॅनेजर कोल्हेसाहेबांनी जास्त व्होल्टेजची नवी पेटी आणली. तिला चकचकीत पडदाही होता.

"आता मोटर धावेल," साहेब म्हणाले. "आणि साळूबाई, पत्रावळी बिघडल्या तर उद्यापासून तुम्ही घरी."

साळूबाईच्या घरी चार पिल्लं होती.

"साहेब, आधी पान पुढं सरकवणाऱ्या स्क्रूवरचा डिंक खरवडू द्या. तिथं मोटर अडखळते. हळू होती तोवर निभावलं."

"अहो बाई, हिच्यात जोर केवढा आहे, कल्पना आहे का?"

"जोर आहे हो. पण पाऊल पडलं की नाही, हे तिला दिसतं का? मोटरीवर नजर ठेवणारा एक डोळा तरी बसवा."

"डोळा? म्हणजे पेटीवर संशय? गपचूप बटण दाबा!"

साळूबाईनं बटण दाबलं. मोटर धावली, डिंकात अडकली, किंचाळली आणि जागच्या जागी थरथरत राहिली. पेटी आपली हुकूम सोडतच होती. पडद्यावर झळकलं, 'हजार पावलं पूर्ण.'

पान सुरीखाली धड पोचलंच नव्हतं. पत्रावळी निघाल्या उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारख्या.

साळूबाईनं मोजपट्टी लावली. "साहेब, चार बोटं कमी भरतंय."

साहेबांनी पडद्याकडं पाहिलं. पानाकडं नाही. "इथं पूर्ण आहे. तुमची पट्टी चुकीची असेल."

लग्नाचे आचारी हत्तीदादा तिथंच होते. त्यांनी एका पत्रावळीवर पळीभर आमटी वाढली. ती सरळ त्यांच्याच पायावर आली.

"अरे कोल्ह्या, ही पत्रावळ आहे की पन्हळ?" ते ओरडले.

"दादा, आमटी पातळ झालीय तुमची. हा पडदा बघा."

हत्तीदादांनी पडदा बघितला. सोंडेनं पाय पुसला. मग मान डोलावली. "असेल बुवा. एवढे मोठे आकडे काय खोटं बोलतात?"

"मग जेवायला पडद्यावरच वाढा!" साळूबाई म्हणाली. बारा वर्षांत ती पहिल्यांदाच असं बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाईला कामावरून काढलं, आचाऱ्यांना आमटी घट्ट करायला सांगितलं आणि पेटीला झेंडूचा हार घातला.

तात्पर्य : हुकूम सुटला की काम झालं, असं शहाण्यानं मानावं. पानातलं पायावर सांडलं तर पाय बाजूला घ्यावा. मोजपट्टी बाहेर काढू नये.